बांध, बंदूक आणि दुर्बीण : भरतपूरच्या केवलादेव घना पाणथळीचा इतिहास

प्रस्तावना

राजस्थानातील भरतपूर शहराच्या आग्नेयेस असलेले केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान भारतातील पक्षिनिरीक्षकांचे तीर्थक्षेत्र मानले जाते. उद्यानाचे क्षेत्रफळ जेमतेम २९ चौ. कि.मी. असून त्यापैकी साधारण एक तृतीयांश भागच पाण्याखाली येतो. तरीही येथे पक्ष्यांच्या ३५० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. सप्टेंबरात येथे येणाऱ्यास पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक, मुग्धबलाक, बगळे आणि पाणकावळे यांची घरटी दाटीवाटीने बांधलेली दिसतात. डिसेंबरात तलवार बदके, थापट्ये, चक्रवाक आणि राजहंस यांचे थवे उघड्या पाण्यावर उतरलेले असतात. प्रथमच येणाऱ्या माणसाला हे दृश्य अनादि निसर्गाचे वाटते. मार्गदर्शक पुस्तिकांमधूनही बहुधा असेच वर्णन केलेले आढळते.

इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. ज्या पाण्यावर हे पक्षी उतरतात ते पाणी माणसाने अडविले, माणसाने वळविले आणि आजही माणसाने दार उघडल्याशिवाय ते येथे पोहोचत नाही. या पाणथळीला गेल्या अडीचशे वर्षांत संस्थानिक, व्हाइसरॉय, शास्त्रज्ञ, गुराखी आणि पर्यटक अशा नाना प्रकारच्या माणसांनी भेट दिली. प्रत्येकाचे येण्याचे प्रयोजन वेगळे होते. तथापि पाणी कोणाच्या हाती आणि प्रवेश कोणाला, हे दोन प्रश्न प्रत्येक कालखंडात कायम राहिले. या दोन प्रश्नांच्या आधारे केवलादेव घनाच्या इतिहासाची मांडणी करणे आणि त्या अनुषंगाने महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर या पाणथळीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. सखल भूमी आणि अजान बांध

भरतपूरचा परिसर गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराच्या टप्प्यात येतो. येथील वार्षिक पर्जन्यमान ६५० ते ७०० मि.मी. च्या आसपास असून बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. नद्या वर्षातील काही आठवडे दुथडी भरून वाहतात आणि उर्वरित काळ कोरड्या असतात. शहरालगतच्या सखल भागात पावसाळ्यात पाणी साचणे स्वाभाविक होते. त्या साचण्याला निश्चित रूप आले ते अठराव्या शतकात महाराजा सूरजमल याच्या काळात बांधलेल्या अजान बांधामुळे. पानिपतच्या १७६१ च्या संग्रामानंतर दक्षिणेकडे परतणाऱ्या मराठ्यांना आश्रय देणारा राजा म्हणून सूरजमल महाराष्ट्राला परिचित आहे.

अजान बांधाचे मूळ प्रयोजन पक्ष्यांशी संबंधित नव्हते. पुराचे पाणी अडवून शहराचे रक्षण करणे आणि पाणी उतरल्यावर ओलावा धरलेल्या जमिनीत रब्बीचे पीक घेणे, असा तो दुहेरी व्यवहार होता. पाण्याचे लष्करी मूल्यही भरतपूरच्या राज्यकर्त्यांना पुरेपूर ठाऊक होते. यशवंतराव होळकराने आश्रय घेतल्यानंतर लॉर्ड लेकने १८०५ मध्ये भरतपूरच्या किल्ल्यावर चार हल्ले चढविले आणि चारही अयशस्वी झाले. मातीचे रुंद तट आणि पाण्याने भरलेला खंदक हे या अपयशाचे एक प्रमुख कारण होते. पुढे डिसेंबर १८२५ मध्ये लॉर्ड कॉम्बरमिअरच्या सैन्याने वेढा घालताना प्रथम जवळच्या झिलीचा बांध ताब्यात घेतला व खंदकात सोडले जाणारे पाणी रोखले. त्यानंतर जानेवारी १८२६ मध्ये किल्ला पडला. भरतपुरात पाण्याचे दार ज्याच्या हाती, त्याच्या हाती सत्ता असते, ही गोष्ट पक्षिनिरीक्षणाचा शब्दही प्रचारात नव्हता तेव्हा सिद्ध झालेली होती.

केवलादेव हे शिवाचे नाव. पाणथळीच्या मध्यभागी असलेल्या शिवमंदिरावरून उद्यानाला ते मिळाले. 'घना' म्हणजे दाट झाडी. देवस्थान, झाडी आणि बांध यांच्या भोवती गुरे चारणे, सरपण आणणे, गवत कापणे आणि वाळ्याची मुळे खणणे असे आसपासच्या गावांचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. या व्यवहारांची नोंद कोणत्याही शिलालेखात नाही. पाणथळीच्या पुढील इतिहासात या अनुल्लेखाचे परिणाम दिसून येतात.

२. शिकारीचे निमंत्रण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर संस्थानचा कारभार पाहणारे मोरवीच्या राजघराण्यातील हरभामजी यांनी या पाणथळीला नवे रूप दिले. इंग्लंडमधील पाणपक्ष्यांच्या शिकारीच्या जागांच्या धर्तीवर येथे लहान-मोठे बंधारे, कालवे आणि पाणी सोडण्याची दारे बांधण्यात आली. अजान बांधातून घना कालव्याने पाणी आणावयाचे, बंधाऱ्यांनी विभागलेल्या खंडांमध्ये ते हव्या त्या उंचीपर्यंत भरावयाचे आणि शिकारीच्या हंगामापर्यंत टिकवून धरावयाचे, अशी ही रचना होती. आज पक्षिनिरीक्षक ज्या उंचवट्याच्या वाटांवरून सायकलने किंवा सायकल रिक्षाने फिरतात, त्या वाटा म्हणजे मुख्यत्वे या शिकारी बंधाऱ्यांचे माथे होत.

इ.स. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यासाठी येथे पहिली मोठी शिकार आयोजित केली गेली. त्यानंतर जवळपास प्रत्येक व्हाइसरॉय, राजघराण्यांतील पाहुणे आणि सेनाधिकारी हिवाळ्यात भरतपूरला येत राहिले. केवलादेव मंदिराजवळ या शिकारींची यादी दगडावर कोरलेली आहे. तारीख, सन्माननीय पाहुणा, मारलेल्या पक्ष्यांची संख्या आणि बंदुकांची संख्या असा तिचा साधा तक्ता आहे. दि. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ३९ बंदुकींनी ४,२७३ पक्षी टिपले. दर बंदुकीमागे एका दिवसात सरासरी शंभराहून अधिक पक्षी, असा याचा अर्थ होतो.

इतिहासाचे साधन म्हणून हा शिलालेख फार मोलाचा आहे. शिकारीकडे संस्थानी राजकारणाचा भाग म्हणून पाहिले जात होते, हे त्यावरून उघड होते. पाहुण्याचा दर्जा, बंदुकांची संख्या आणि पक्ष्यांची संख्या यांचा मेळ घालून संस्थानाची प्रतिष्ठा मोजली जात असे. व्हाइसरॉयला प्रसन्न करण्यासाठी इतके पक्षी उपलब्ध असणे आवश्यक होते आणि त्यासाठी पाणी भरणे, इतरांना शिकारीस मज्जाव करणे व झाडी राखणे ही कामे संस्थान निष्ठेने करीत होते. परिणामी ज्या व्यवस्थेने पक्षी मारले, तिनेच त्यांचे ठिकाण जतन केले, असा विलक्षण प्रकार येथे घडला. या शिलालेखात पाण्यात उतरून पक्षी गोळा करणाऱ्यांचा, नावा चालविणाऱ्यांचा आणि बंधाऱ्यांची माती भरणाऱ्यांचा मात्र कोठेही उल्लेख नाही.

३. अभयारण्य आणि शास्त्रज्ञांचा प्रवेश

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर संस्थाने विलीन झाली आणि घनाचे भवितव्य अनिश्चित झाले. पाणी काढून टाकून ही जमीन शेतीखाली आणावी, अशी मागणी स्थानिक पातळीवर जोर धरू लागली. अन्नधान्याच्या टंचाईचा तो काळ लक्षात घेता ही मागणी अस्वाभाविक म्हणता येत नाही. राजाच्या शिकारीसाठी राखलेली जमीन राजा गेल्यावर कसणाऱ्यांना मिळावी, हा युक्तिवाद लोकशाहीच्या प्रारंभकाळात प्रभावी होता. ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी या प्रसंगी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्याकडे रदबदली केली आणि पाणथळ वाचली. मार्च १९५६ मध्ये घना पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. मात्र माजी महाराजांचा शिकारीचा हक्क शाबूत ठेवण्यात आला. शेवटची मोठी शिकार १९६४ मध्ये झाली आणि हा हक्क १९७२ पर्यंत टिकून राहिला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम त्याच वर्षी संमत झाला. एकाच पाण्यावर बंदूक आणि दुर्बीण अशा रीतीने सुमारे पंधरा वर्षे शेजारी शेजारी नांदल्या.

या काळात पक्षी पाहण्याच्या पद्धतीत मूलगामी बदल झाला. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा प्रकल्प हाती घेतला. कर्नाटकातील क्यासनूर येथे १९५७ मध्ये आढळलेल्या विषाणुजन्य तापाचा संबंध उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांशी आहे काय, हा प्रश्न या प्रकल्पामागे होता. भरतपूर हे त्याचे एक महत्त्वाचे केंद्र बनले. पक्ष्याला इजा न करता जिवंत पकडण्याचे कसब बिहारमधील मीरशिकार या पारंपरिक पारध्यांच्या अंगी होते. त्यांना या कामासाठी पाचारण करण्यात आले. पारध्याचे जाळे, शास्त्रज्ञाचे कडे आणि सायबेरिया किंवा मध्य आशियातून परत मिळालेली त्या कड्याची नोंद यांच्या साखळीतून भरतपूरच्या बदकांचे प्रवासमार्ग प्रथमच ठाऊक झाले. येथे पारंपरिक ज्ञानाला विज्ञानाने मानाचे स्थान दिले होते. पुढील टप्प्यात मात्र हे भान सुटले.

४. भिंत, गोळीबार आणि गवत

इ.स. १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे पाणथळींच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराखाली १९८१ मध्ये भारताने चिल्का सरोवराबरोबर केवलादेवचीही नोंद केली. मार्च १९८२ मध्ये घनाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. अवघ्या चार वर्षांत एका जुन्या शिकारखान्याला जागतिक मान्यता प्राप्त झाली.

या गौरवाच्या मध्यावर नोव्हेंबर १९८२ ची घटना आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास कायद्याने मनाई असते. त्यामुळे सुमारे दोन मीटर उंचीच्या भिंतीने वेढलेल्या उद्यानात आसपासच्या गावांच्या म्हशी व गुरे सोडण्यास पूर्ण बंदी करण्यात आली. बंदीपूर्वी पर्यायी चाऱ्याची व्यवस्था झालेली नव्हती. ग्रामस्थांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. शिकारखान्याच्या काळात ज्यांचा उल्लेख शिलालेखात झाला नाही, ते अभयारण्याच्या काळात प्रथमच नोंदले गेले, ते मृतांच्या यादीत.

बंदीमागे वैज्ञानिक कारण आहे, असे त्या वेळी मानले जात होते. गुरांमुळे वनस्पती नष्ट होतात आणि पक्ष्यांना उपद्रव होतो, हे गृहीतक सर्वमान्य होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० पासून दहा वर्षे या पाणथळीचा परिसरशास्त्रीय अभ्यास केला. बंदीपूर्वीची आणि बंदीनंतरची अशी दोन्ही स्थिती या अभ्यासाच्या काळात येत होती, त्यामुळे तुलना करणे शक्य झाले. १९९१ च्या अहवालातील निष्कर्ष गृहीतकाच्या विरुद्ध निघाला. म्हशी चरत असताना पास्पालम नावाचे पाणगवत आटोक्यात राहत असे. चराई बंद होताच ते बेसुमार वाढले, त्याने उघडे पाणी झाकून टाकले, कंद व पाणवनस्पती गुदमरल्या आणि बदकांसारख्या उघड्या पाण्याची गरज असणाऱ्या पक्ष्यांना जागा उरली नाही. माशांच्या वाढीवरही त्याचा प्रतिकूल परिणाम झाला.

हा निष्कर्ष केवळ एका गवतापुरता मर्यादित नाही. घना ही पाणथळ बांध आणि कालवे यांनी जशी घडली, तशीच ती म्हशींच्या तोंडांनी आणि गवत कापणाऱ्यांच्या विळ्यांनीही घडली होती. तिला निव्वळ निसर्ग समजून माणसापासून तोडल्याबरोबर तिचे संतुलन ढळले. नंतरच्या काळात ग्रामस्थांना गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली. उद्यानात फोफावलेली विलायती बाभूळ काढण्याच्या कामातही ग्रामस्थांच्या समित्यांना सहभागी करून घेण्यात आले आणि मोबदल्यात लाकूड त्यांना मिळाले. ही धोरणातील स्वागतार्ह सुधारणा होती, तथापि ती मनुष्यहानी झाल्यानंतर आली.

५. क्रौंचाचे शेवटचे हिवाळे

भरतपूरची कीर्ती ज्या एका पक्ष्यामुळे जगभर पसरली तो म्हणजे सायबेरियन क्रौंच. शुभ्र पिसारा, तांबडा चेहरा आणि उडताना दिसणारी पंखांची काळी टोके असा हा देखणा पक्षी पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून निघे. मध्य आशिया आणि अफगाणिस्तानातील आब-इ-इस्तादा सरोवर यांवरून तो पाच हजारांहून अधिक कि.मी. अंतर कापून हिवाळ्यात भरतपूरला येई. भारतात नियमितपणे येणाऱ्या या क्रौंचांचे घना हे शेवटचे आश्रयस्थान ठरले होते. अमेरिकेतील इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशनचे सहसंस्थापक रॉन सॉई यांनी १९७० च्या दशकात येथे राहून त्यांचा अभ्यास केला.

इ.स. १९६४–६५ च्या हिवाळ्यात येथे सुमारे २०० क्रौंच होते. पुढे ही संख्या सातत्याने घटत गेली. १९९३–९४ आणि १९९४–९५ या दोन हिवाळ्यांत एकही क्रौंच आला नाही. त्यानंतर काही मोजके पक्षी परतले. २००१–०२ च्या हिवाळ्यात एकच जोडी आली आणि त्यानंतर भरतपूरच्या पाण्यावर हा पक्षी दिसला नाही.

या ऱ्हासाचे प्रमुख कारण स्थलांतराच्या मार्गावर झालेली शिकार हे मानले जाते. अफगाणिस्तानातील प्रदीर्घ युद्धाने त्या मार्गावरील संरक्षण अशक्य करून टाकले. तरी भरतपूरमधील परिस्थितीचा विचारही अपरिहार्य आहे. हा क्रौंच उथळ पाण्याच्या तळाशी असलेले लव्हाळ्यांचे कंद चोचीने उकरून खातो. आघापूर या उद्यानालगतच्या गावातील लोकांचे याविषयीचे म्हणणे डॉ. माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखनातून पुढे आणले. पूर्वी ग्रामस्थ वाळ्याची मुळे खणत, त्यामुळे माती भुसभुशीत राही आणि क्रौंचांना कंद सहज काढता येत. खणणे थांबल्यावर माती घट्ट झाली, असे हे स्पष्टीकरण आहे. ते क्रौंचांच्या ऱ्हासाचा संपूर्ण उलगडा करीत नाही. मात्र ते तपासण्याजोगे गृहीतक आहे आणि वर्षानुवर्षे त्या चिखलात वावरलेल्या माणसांच्या निरीक्षणातून ते आलेले आहे. दुर्बीण घेऊन येणारा पाहुणा वर्षातून दोन दिवस पक्षी पाहतो, वाळा खणणारा त्यांना रोज पाहत असे. संरक्षणाच्या निर्णयप्रक्रियेत या दुसऱ्या निरीक्षकास स्थान नव्हते.

६. पाणी कोणाचे?

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी घनापुढे उभे राहिलेले संकट पुन्हा पाण्याचेच होते. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण बांधण्यात आले. पाच लहान नद्यांचे पाणी एकत्र येते म्हणून पांचना हे नाव पडले. या धरणामुळे अजान बांधाकडे येणारा प्रवाह आटला. उद्यानाची वार्षिक गरज सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाण्याची असल्याचे मानले जाते. २००४ मध्ये त्याचा अगदी अल्प अंश उद्यानाला मिळाला. पुढील काही वर्षांत पाणथळीचा मोठा भाग कोरडा पडला, घरटी करणाऱ्या पक्ष्यांनी पाठ फिरविली आणि जागतिक वारसा समितीनेही चिंता व्यक्त केली. तत्पूर्वी १९९० मध्येच रामसर कराराखालील धोक्यातील पाणथळींच्या, म्हणजे मॉन्ट्रो, नोंदपटात केवलादेवचे नाव गेले होते.

या वादाला पक्षी विरुद्ध शेतकरी असे स्वरूप देण्यात आले. ऐतिहासिक दृष्टीने ही मांडणी अपुरी आहे. धरणाच्या परिसरातील शेतकरी ज्या पाण्यावर हक्क सांगत होते, त्याच पाण्यावर खालच्या अंगाच्या भरतपूरमधील शेतकऱ्यांची विहीर आणि रब्बी अवलंबून होती. अजान बांधात पाणी न आल्याने पक्ष्यांबरोबर या शेतकऱ्यांचेही नुकसान झाले. वाद एका नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या लोकांमधील होता. पक्षी त्यात खालच्या अंगाचे रहिवासी होते, एवढेच.

पर्याय म्हणून चंबळ-धौलपूर-भरतपूर पेयजल योजनेतून काही पाणी उद्यानाला देण्यात येऊ लागले. २०१२ च्या सुमारास गोवर्धन ड्रेन या पूरनिस्सारण कालव्यातून पाणी आणण्याची योजनाही कार्यान्वित झाली. या उपायांनी पाणथळ पुन्हा भरू लागली व चित्रबलाकांची वसाहत पुन्हा गजबजली. तरी एक भेद लक्षात घेतला पाहिजे. नदीच्या पुराबरोबर माशांची पिले, बीज आणि सूक्ष्म जीव वाहत येतात. चित्रबलाकाच्या एका घरट्यातील पिलांना वाढविण्यासाठी याच माशांचा पुरवठा लागतो. नळातून येणारे पाणी तळे भरते, परंतु त्याबरोबर अन्न येत नाही. म्हणून पाण्याच्या प्रमाणाइतकेच ते कोठून आणि केव्हा येते, हेही महत्त्वाचे ठरते.

७. महाराष्ट्राचे भरतपूर

या इतिहासाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध पक्षिप्रेमींच्या बोलण्यातूनच सूचित होतो. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर या अभयारण्याला 'महाराष्ट्राचे भरतपूर' असे संबोधले जाते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंधारा बांधण्यात आला. त्याचा हेतू कालव्यांद्वारे शेतीला पाणी देणे हा होता. पुढील दशकांत बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती निर्माण झाल्या आणि पक्षी येऊ लागले. सिंचनाच्या दृष्टीने जो गाळ दोष मानला जातो, त्यानेच पाणथळ घडविली. १९८६ मध्ये हे क्षेत्र अभयारण्य झाले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान त्याला मिळाला. पुढे लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी यांची नोंद झाली.

पूर्व विदर्भातील नवेगावबांधचा तलावही याच परंपरेतला आहे. कोहळी समाजाने धानाच्या शेतीसाठी बांधलेल्या तलावांपैकी तो एक असून तेथील पक्षिजीवनाचे दर्शन मराठी वाचकांना मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून घडले. भरतपूर, नांदूर मध्यमेश्वर आणि नवेगावबांध या तिन्ही ठिकाणी पाणी प्रथम शेतीसाठी किंवा संरक्षणासाठी अडविले गेले, पक्षी नंतर आले आणि त्यांना पाहणारे त्याहून नंतर.

नांदूर मध्यमेश्वरच्या बाबतीत भरतपूरचा अनुभव विशेष उपयोगी आहे. येथेही पाणी वरच्या धरणांतून सोडल्या जाणाऱ्या आवर्तनांवर अवलंबून आहे. गोदावरीच्या पाण्याच्या समन्यायी वाटपावरून नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात दीर्घकाळ चालू असलेल्या वादाच्या प्रवाहातच ही पाणथळ वसलेली आहे. अभयारण्याच्या क्षेत्रात अनेक गावांची शेती आहे. ऊस, द्राक्षे आणि भाजीपाला यांवर वापरली जाणारी खते व कीटकनाशके पाण्यात उतरतात आणि वरच्या शहरांचे सांडपाणीही याच नदीतून येते. दुसऱ्या बाजूस, चापडगाव, खाणगाव थडी आणि मांजरगाव परिसरातील निरीक्षण मनोऱ्यांवर स्थानिक तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात, पक्ष्यांची नावे मराठीत व इंग्रजीत सांगतात आणि त्यातून त्यांना उत्पन्न मिळते. भरतपूरमध्ये सायकल रिक्षा चालविणारेच पक्ष्यांचे जाणकार मार्गदर्शक बनले, त्या अनुभवाशी हे सुसंगत आहे. येथे भिंत बांधली गेली नाही. ही गोष्ट प्रशासकीय उणीव समजण्याचे कारण नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, केवलादेव घना ही मानवनिर्मित आणि मानवरक्षित पाणथळ आहे. तिचे अस्तित्व बांध, दारे, चराई आणि कापणी यांच्या अखंड व्यवहारावर अवलंबून राहिले आहे. दुसरा, येथे येणाऱ्या पाहुण्याच्या हातातील वस्तू बदलली, परंतु पाहुण्यासाठी जागा राखताना शेजाऱ्याला बाहेर ठेवण्याची पद्धत संस्थानाकडून प्रजासत्ताकाने जवळजवळ तशीच स्वीकारली. १९८२ चा गोळीबार हा त्या स्वीकाराचा सर्वांत दुःखद परिणाम होय. तिसरा, दहा वर्षांच्या शास्त्रीय अभ्यासाने आपल्याच क्षेत्रातील रूढ समजुतीचे खंडन केले. ही विज्ञानाच्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे. मात्र तो अभ्यास पूर्ण होण्यापूर्वीच निर्णय अंमलात आला होता. चौथा, पाणथळीचे भवितव्य तिच्या सीमेच्या आत ठरत नाही. ते नदीच्या वरच्या अंगाला, धरणाच्या दारापाशी आणि कधी कधी हजारो मैलांवरील युद्धभूमीवर ठरते.

महाविद्यालयांच्या अभ्याससहली आज नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, भिगवण किंवा शक्य झाल्यास भरतपूर येथे नियमितपणे जातात. विद्यार्थी पक्ष्यांच्या याद्या तयार करतात आणि त्या उपयुक्तही असतात. त्या याद्यांबरोबर बंधारा कोणत्या वर्षी व कशासाठी बांधला, या हंगामातील आवर्तन कोणत्या तारखेस सुटले, काठावरच्या गावांत कोणते पीक आहे आणि गाळपेराच्या जमिनीवर कोणाचा ताबा आहे, यांचीही नोंद घेतली गेल्यास प्राणिशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि इतिहास या विभागांना एकत्र काम करता येईल. अशा नोंदी दहा-पंधरा वर्षे सातत्याने ठेवल्या गेल्या, तर पुढील एखादा निर्णय घेताना शासनासमोर पक्ष्यांची संख्या आणि शेजारच्या माणसांचे म्हणणे ही दोन्ही प्रमाणे असतील. भरतपूरला १९८२ मध्ये यांपैकी पहिले अपुरे होते आणि दुसरे विचारलेच गेले नव्हते.